दीडशे मीटर कुठून मोजायचे?

पुण्यात विधी शाखेच्या चौथ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यात, त्याला एका काल्पनिक कायद्याची बाजू मांडायची आहे. गर्भपात केंद्रापासून १५० मीटरच्या आत घोषणा, पत्रकं, फलक, प्रार्थना, सगळ्याला बंदी, असा तो कायदा. तो विचारतो: हे १५० मीटर आले कुठून? तोंडातून शब्दही न काढता उभ्या राहिलेल्या माणसाला दंड करणं भाषणस्वातंत्र्यात कसं बसतं? आणि भारतात असा कायदा टिकेल का?

मी मूळची साताऱ्याची. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर म्हणून बावीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक एका कौन्सिलच्या विधी विभागात. कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिका धरा. रोजचं काम कचऱ्याचं, मोकाट कुत्र्यांचं, फुटपाथवर मांडलेल्या टेबलांचं आणि रात्री दोनला वाजणाऱ्या स्पीकरचं. त्याच ढिगात एकदा अशा केंद्राबाहेरच्या बंदी-आदेशाचा मसुदा माझ्या टेबलावर आला. त्यामुळे इंग्लंडबद्दल लिहितेय ते हाताखालून गेलेलं आहे, बाकी देशांचं निकाल वाचून. भारतात मी वकिली करत नाही, तेवढा भाग तुमच्या सरांना दाखवून घ्या.

मीटरचा प्रश्न आधी उरकून टाकते, कारण सगळे त्यावरच भांडतात आणि तो त्यातल्या त्यात सोपा आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ५० मीटर, आयर्लंड आणि जर्मनीत १००, इंग्लंड-वेल्समध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया व टास्मानियात १५०, स्कॉटलंडमध्ये २००. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने ३५ फूट ठरवले होते, म्हणजे जेमतेम साडेदहा मीटर, आणि तेही कोर्टात टिकले नाहीत. तेव्हा आकडा कमी म्हणून कायदा वाचतो असं काही नाही.

आमच्याकडे आम्ही मोजणीचं चाक घेऊन प्रत्यक्ष फिरलो. हातात दांडा, खाली चाक, प्रत्येक मीटरला टक् असा आवाज. फाटकापासून सुरुवात केली तर बसथांबा १०० मीटरच्या बाहेर राहत होता. इमारतीच्या भिंतीपासून मोजलं तर आणखीच दूर. आणि पत्रकं वाटणारी मंडळी उभी राहायची नेमकी बसथांब्यावर. बसमधून एकटी उतरलेली, हातात कागदाची घडी घेऊन पाट्या वाचणारी बाई कुठे चालली आहे हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. थांब्यापासून फाटकापर्यंत एकच फुटपाथ, पलीकडे रेल्वेची भिंत. म्हणजे तिला रस्ता बदलायची सोयच नव्हती. तेव्हापासून माझा ठोकताळा असा आहे की जिथे त्या बाईला ‘नको, मी पलीकडून जाते’ म्हणता येतं, तिथपर्यंत अंतर हवं. कुठे ते ६० मीटर भरेल, कुठे १८०. देशभर एकच आकडा ठेवायचा तर तो थोडा ढोबळ असणारच, पण पोलिसाला आणि निदर्शकाला दोघांनाही रेघ कळते हा त्याचा फायदा. तुम्ही १५० मीटरचं समर्थन करताना ‘इंग्लंडमध्ये आहे म्हणून’ असं म्हणू नका. नकाशा दाखवा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या प्रश्नात तो ‘शांत माणसाला दंड का’ या रूपात आलाय, पण त्याच्या आधी एक प्रश्न आहे: असला वेगळा कायदा मुळात लागतो कशाला? छळाविरुद्ध कायदे आहेत, वाट अडवण्याविरुद्ध आहेत, ते वापरा की. आमच्या कौन्सिलमधल्या एका ज्येष्ठ सदस्याने बैठकीत हेच विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त होता.

इंग्लंडचा छळविरोधी कायदा १९९७चा. त्यात एकाच व्यक्तीच्या बाबतीत किमान दोनदा झालेलं वागणं दाखवावं लागतं. केंद्रात बाई येते एकदा, फार तर दोनदा. २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि एखाद्याला हक्काच्या गोष्टीपासून परावृत्त करण्यासाठी दोन वेगवेगळ्या व्यक्तींना प्रत्येकी एकदा छळलं तरी चालेल असं ठरलं. कागदावर प्रश्न मिटला. पण छळ झाला हे सांगायला कोणीतरी साक्षीदार हवा, आणि ती साक्षीदार कोण? जिने नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला सांगितलेलं नाही, कामावर ‘दाताच्या डॉक्टरकडे चाललेय’ सांगून आली आहे, ती. तिने नाव-पत्ता देऊन जबाब लिहून द्यायचा आणि तीन महिन्यांनी कोर्टात उभं राहायचं.

आम्ही पुरावा गोळा करायला गेलो तेव्हा केंद्राच्या स्वागतकक्षात एक साधी रेघी वही होती. तिथल्या बाई रोज त्यात नोंद करायच्या. ‘९.४०, पेशंट रडत आत आली, हातात गुलाबी जपमाळ, बाहेरच्यांनी दिली.’ ‘११.१५, गाडीच्या काचेवर टकटक.’ ‘१.०५, पेशंट दारापर्यंत येऊन परत गेली, दुपारी मागच्या दाराने आली.’ अशी पानंच्या पानं. त्यातल्या एकाही बाईने सही करून जबाब दिला नाही. निनावी चालेल म्हटलं तेव्हा चौघी तयार झाल्या, त्यातल्या दोघींनी नंतर फोन उचलला नाही. मी त्यांना दोष देत नाही.

वेगळ्या कायद्याचं खरं कारण हे आहे. बफर झोनचा, म्हणजे केंद्राभोवती असं संरक्षित अंतर आखणारा, कायदा पीडितेला साक्षीला न बोलावता गुन्हा सिद्ध करू देतो. अमुक ठिकाणी, अमुक हेतूने, अमुक केलं, एवढं पुरतं. कोणाला त्रास झाला हे दाखवावं लागत नाही. त्याचं सगळं बळ यात आहे आणि सगळा धोकाही यातच आहे, कारण ज्या गुन्ह्यात नुकसान झालेलं माणूस कोर्टात दिसतच नाही तिथे कायद्यातल्या शब्दांवर फार मोठा भार पडतो. म्हणून मी ज्यांना ज्यांना मसुदा शिकवते त्यांना सांगते की अंतरावर एक तास घाला आणि क्रियापदावर एक आठवडा.

क्रियापदं कोणती ते बघा. इंग्लंडमध्ये सुरुवात स्थानिक आदेशांनी झाली. २०१४च्या कायद्याखाली कौन्सिलला सार्वजनिक जागेसाठी पीएसपीओ नावाचा आदेश काढता येतो, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. लंडनच्या ईलिंग कौन्सिलने एप्रिल २०१८ मध्ये मॅटक लेनवरच्या केंद्राभोवती असा आदेश काढला, देशातला पहिला. त्याने गर्भपाताला विरोध आणि पाठिंबा, दोन्ही व्यक्त करायला बंदी घातली, आणि ती शाब्दिक कसरत नव्हती. तिथे दोन्ही बाजूंचे गट समोरासमोर उभे राहत असत, आणि मधून जायचं त्या बाईला. आदेशात एक ठरावीक तुकडा निदर्शनांसाठी मोकळाही ठेवला होता. चारपेक्षा जास्त माणसं नकोत, फलक ए-थ्री कागदापेक्षा मोठा नको, अशा अटींसह.

त्याला आव्हान दिलं गेलं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये अपील कोर्टाने आदेश कायम ठेवला. त्या निकालातला एक मुद्दा मला फार आवडतो. आव्हान देणाऱ्यांचं म्हणणं असं होतं की पीएसपीओ हा ‘परिसरातल्या लोकां’साठी असतो, आणि या बायका तर आयुष्यात एकदा येऊन जाणाऱ्या, त्या परिसरातल्या कशा? कोर्टाने ते मानलं नाही. एकदाच येणारीही परिसरातलीच. माझ्यासारख्या कौन्सिलच्या वकिलाला या एका वाक्याने किती जीव आला ते सांगून कळणार नाही.

मग संसदेने देशभरासाठी कायदा केला: पब्लिक ऑर्डर अॅक्ट २०२३, कलम ९. प्रत्यक्ष अंमल ३१ ऑक्टोबर २०२४ पासून. केंद्राच्या किंवा त्याच्या प्रवेशाच्या १५० मीटरच्या आत तीन गोष्टींना मनाई: गर्भपातसेवा घेण्याच्या, देण्याच्या किंवा त्यात मदत करण्याच्या कुणाच्याही निर्णयावर प्रभाव टाकणं, अडथळा आणणं, आणि छळ, धास्ती वा मनस्ताप देणं. हेतुपुरस्सर किंवा परिणामाची पर्वा न करता. शिक्षा फक्त दंडाची, पण दंडाला वरची मर्यादा नाही.

अडथळा, छळ, मनस्ताप या शब्दांवर कुणी भांडत नाही. भांडण ‘प्रभाव टाकणं’ या एकाच शब्दावर आहे, आणि तुमचा प्रार्थनेचा प्रश्न तिथूनच निघतो. डिसेंबर २०२२ मध्ये बर्मिंगहॅममध्ये एका बाईला अशाच स्थानिक आदेशाखाली अटक झाली. पोलिसाने विचारलं, प्रार्थना करताय का? ती म्हणाली, मनातल्या मनात करत असेनही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती निर्दोष सुटली. दुसरीकडे बोर्नमथमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राजवळ मूक उभ्या राहिलेल्या एका माजी सैनिकाला ऑक्टोबर २०२४ मध्ये दोषी ठरवलं गेलं. शिक्षा दोन वर्षांची सशर्त सुटका, पण खटल्याचा खर्च ९००० पौंड. अमेरिकेच्या उपाध्यक्षांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिकच्या भाषणात या प्रकरणाचं उदाहरण दिलं आणि ते जगभर गेलं. तुमचा प्रतिपक्ष तेच काढणार, तयार राहा.

यावर माझं मत, आणि माझे काही सहकारी ते मानत नाहीत: कायद्यात ‘प्रार्थना’ हा शब्द लिहूच नये. ज्या क्षणी गणवेशातला माणूस फुटपाथवर कुणाला ‘मनात काय चाललंय’ असं विचारतो, त्या क्षणी तुम्ही खटला हरलेला असता, निकाल काहीही लागो. पण म्हणून ‘मूक असेल तर माफ’ असा अपवादही लिहू नये. तसा अपवाद घालायची दुरुस्ती इंग्लंडच्या संसदेत आली होती, ती फेटाळली गेली, आणि ते योग्य झालं.

कारण मी पाहिलेलं सांगते. आमच्या फाटकाबाहेर एक आजी यायच्या. घडीची स्टूल, थर्मास, जांभळा कोट. बोलायच्या नाहीत, पत्रक द्यायच्या नाहीत. फाटकासमोर बसून प्रत्येक येणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायच्या आणि मान हलवायच्या, बस. रेघी वहीत सर्वांत जास्त नोंदी त्यांच्याच होत्या. मी स्वतः तिथून हातात फाइल घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडेही तसंच बघितलं, आणि मी तर कामावर होते. त्यांच्या मनात प्रार्थना होती की उद्याच्या भाजीचा विचार, याने काही फरक पडत नव्हता. त्याच आजी चर्चकडे जाताना त्याच रस्त्यावरून मनात जप करत गेल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं, आणि कळायची गरजही नव्हती.

म्हणून बाहेर काय दिसतं त्यावर कायदा बेतावा. व्हिक्टोरियाने ते जास्त चांगलं केलंय असं मला वाटतं. तिथे गर्भपातासंबंधी असं काही व्यक्त करणं, जे येणाऱ्या-जाणाऱ्या व्यक्तीला दिसेल किंवा ऐकू येईल आणि ज्यामुळे तिला मनस्ताप होण्याची रास्त शक्यता आहे, ते निषिद्ध. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च कोर्टाने, एप्रिल २०१९ मध्ये व्हिक्टोरिया आणि टास्मानिया दोन्हींचे कायदे कायम ठेवले. आयर्लंडचाही एक भाग उचलण्यासारखा आहे: आधी पोलिसाने समज द्यायची, कारवाई नंतर. चुकून रेघेच्या आत आलेला माणूस त्यामुळे वाचतो आणि मुद्दाम आलेल्याचा हेतू आपोआप सिद्ध होतो.

आयर्लंडचं नाव निघालं तर मराठी वाचकाला बेळगाव आठवेल. बेळगावहून तिकडे गेलेल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असूनही गॉलवेच्या रुग्णालयात गर्भपात नाकारला गेला आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. मे २०१८ मध्ये तिथल्या जनतेने घटनेतली बंदी मतदानाने काढली, जानेवारी २०१९ पासून सेवा सुरू झाली आणि सुरक्षित क्षेत्राचा, म्हणजे बफर झोनचाच, कायदा यायला २०२४ उजाडलं. हक्क मिळाला तरी तो जिथे बजावायचा त्या दारापर्यंत जायची वाट मोकळी व्हायला आणखी पाच वर्षं लागली.

इथवरचं थोडक्यात: अंतर जागेवरून ठरतं, वेगळा कायदा लागतो तो साक्षीदाराच्या अडचणीमुळे, आणि टिकतो की नाही हे क्रियापद बाहेरच्या वागण्याला धरून आहे की मनाला, यावर.

विरुद्ध बाजूचा सर्वांत ताकदीचा निकाल म्हणजे जून २०१४ मधला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा, मॅकलन विरुद्ध कोकली. मॅसॅच्युसेट्सने केंद्राच्या दाराभोवती फुटपाथवर अर्धवर्तुळ रंगवलं होतं. त्या राज्याला कारणही तसंच होतं: डिसेंबर १९९४ मध्ये ब्रुकलाइनला दोन केंद्रांवर गोळीबार होऊन स्वागतकक्षातल्या दोघी ठार झाल्या होत्या. तरी सर्वच्या सर्व न्यायाधीशांनी कायदा रद्द ठरवला. त्यांचं म्हणणं असं की गर्दीची अडचण दिसते ती मुख्यतः बॉस्टनच्या एका केंद्राबाहेर, शनिवारी सकाळी. त्यासाठी राज्यभर सगळ्याच फुटपाथवर बोलणं बंद करता येत नाही, आणि सौम्य उपाय करून पाहिल्याचा पुरावाही राज्याने दिला नाही. याच न्यायालयाने २००० साली कोलोरॅडोचा कायदा मान्य केला होता: आरोग्यकेंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत, संमतीशिवाय कुणाच्या ८ फुटांपेक्षा जवळ जाऊन पत्रक देऊ किंवा समजावू नका. दोन्ही एकत्र वाचा. मॅकलनमधली फुटपाथवर हळू आवाजात बोलणारी सत्तरीची बाई तुमच्या प्रतिपक्षाची नायिका असणार आहे. तिला खलनायिका करू नका, न्यायाधीशांना ते आवडत नाही, आणि खरंही नसतं.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर आयर्लंडच्या अशाच बफर झोनच्या विधेयकावर उलट सूर लावला. त्यात ‘वाजवी कारण होतं’ असा बचावही ठेवलेला नव्हता, तरी विधेयक प्रमाणशीर ठरलं, म्हणजे हेतूच्या मानाने निर्बंध जास्त नाही असं. तर्क असा: निदर्शकाला बोलायला सगळा देश मोकळा आहे, त्या बाईला मात्र त्या दारातूनच जावं लागतं.

आता भारत. इथे ‘टिकेल का’च्या आधी ‘हवाय का’ हा प्रश्न येईल आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्या. आपल्याकडे गर्भपात केंद्राबाहेर जपमाळा घेऊन कुणी उभं राहत नाही. आपली बाई अडते ती आत: नवऱ्याची सही मागणाऱ्या काउंटरवर (सज्ञान स्त्रीच्या बाबतीत १९७१चा गर्भपाताचा कायदा फक्त तिचीच संमती मागतो), आणि गावभर पसरणाऱ्या कुजबुजीत. त्याच कायद्यात २०२१च्या दुरुस्तीने आलेलं कलम ५ए नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद सांगतं, आणि आपल्याकडचा बफर झोन म्हणायचा तर तोच. पण मूटमध्ये कायदा काल्पनिक आहे, तेव्हा चला.

पहिली अडचण अनुच्छेद १९(२). जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाच्या बहुमताने सांगितलं की भाषणावरच्या निर्बंधांची तिथली यादी पूर्ण आहे; दुसऱ्याचा मूलभूत हक्क पुढे करून त्यात भर घालता येत नाही. म्हणजे युरोपात चालतो तसा ‘बाईची खासगीपणाची बाजू विरुद्ध निदर्शकाचं भाषण’ असा सरळ तराजू इथे मांडता येणार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा पुट्टस्वामी निकाल तुम्ही उत्साहाने काढाल, आणि समोरून हा निकाल येईल. वाट दोन ठिकाणी आहे. एक, सार्वजनिक सुव्यवस्था, पण त्यासाठी थेट आणि जवळचा संबंध दाखवावा लागतो. दुसरी मला जास्त बरी वाटते: बोलण्यावर बंदी नाही, जागेचं नियमन आहे. १९७२च्या हिमतलाल शहा निकालात रस्त्यावरच्या सभांना सरसकट बंदी चालणार नाही, पण नियमन चालेल असं म्हटलंय. शाहीनबागेच्या निकालात, २०२० मध्ये, निदर्शनं ठरवलेल्या जागी व्हावीत असं. मुंबईच्या माणसाला आझाद मैदान म्हटलं की हे समजावून सांगावं लागत नाही.

या वाटेने जायचं तर ईलिंगसारखा मोकळा ठेवलेला तुकडा तुमच्या कायद्यात असायलाच हवा, आणि बंदी दोन्ही बाजूंना लागू हवी. आणखी एक, रुग्णालयाच्या फाटकाला वेगळं संरक्षण देणं महाराष्ट्राला नवीन नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा २०१०चा कायदा आहेच. तो हिंसेपुरता आहे, बोलण्याला हात लावत नाही, हा फरक न्यायाधीशांनी विचारायच्या आत तुम्हीच सांगून टाका.

शेवटचा हमखास प्रश्न येईल तो समोरच्या देवळाचा, चर्चचा किंवा पहिल्या मजल्यावरच्या खिडकीचा. इंग्लंडच्या कलम ९ मध्ये प्रार्थनास्थळाच्या आत, आतल्याच लोकांसमोर घडलेलं वगळलेलं आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र क्षेत्राच्या आतल्या खासगी घराच्या खिडकीत लावलेला फलक बाहेर दिसत असेल तरी गुन्हा होऊ शकतो. तुमच्या काल्पनिक कायद्यात काय आहे ते आज रात्रीच बघून ठेवा. एका कागदावर फाटक, बसथांबा, रिक्षास्टँड आणि देऊळ काढून प्रत्येकाचं अंतर लिहा, आणि त्याच्या तीन प्रती न्यायाधीशांसाठी न्या. मोजायला फाटकापासून सुरुवात करा, भिंतीपासून नको.